बिनसहीची चिठ्ठी

तिसऱ्या रविवारी थोरल्या वहिनी आल्या त्या चप्पल काढून थेट कोपऱ्यात गेल्या आणि जावयाच्या तोंडावर आपला रुमाल टाकून मगच खुर्चीवर टेकल्या.

"आता बोला काय बोलायचं ते," त्या म्हणाल्या.

जावई म्हणजे यंत्रमानव. चिमटीनं, मधल्या बहिणीनं, पाच महिने खपून, भंगारातून एकेक वस्तू वेचून तो उभा केला होता आणि धाकट्या भावानं, बॉबिननं, आठ दिवसांत त्याचं बारसं उरकलं होतं. जेवत नाही, बोलत नाही, नुसता कोपऱ्यात उभा राहतो आणि सगळ्या घरानं त्याची मर्जी सांभाळायची, मग जावईच की! चाळिशीला टेकलेल्या बिनलग्नाच्या बहिणीच्या घरात हा विनोद दुसऱ्या कुणी केला असता तर त्याची धडगत नव्हती. बॉबिनला मात्र लहानपणापासून सगळं माफ होतं.

जावई कमरेएवढा होता. खाली एका ऑफिसच्या मोडक्या ट्रॉलीची चाकं, त्यावर वॉशिंग मशीनमधला ड्रायरचा डबा, तेच पोट. चालायला भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर. हात टेबललॅम्पचा, स्प्रिंगवाला, आणि तो हात वर उचलायला आईच्या शिलाई मशीनची मोटर. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, मशीन तेव्हापासून झाकूनच होतं. वहिनींचा पहिला राग त्या मोटरीवरून होता, दुसरा डब्याच्या तोंडाशी, खाली वाकवून बसवलेल्या काचेच्या डोळ्यावरून.

"वहिनी, तो कॅमेरा नाही हो," चिमटी दहाव्यांदा म्हणाली. "झेरॉक्स मशीनमधला सेन्सर आहे. तिथे त्याला कागद आला की नाही एवढं कळायचं, इथे फरशीवरची काळी टेप दिसते. त्या टेपवरून तो चालतो. बाकी तो ठार आंधळा आहे."

"असेल. पण मागल्या रविवारी मी स्वयंपाकघरात यांच्याशी जे बोलले, ते तुम्हाला कसं कळलं, वन्सं?"

"भिंत पातळ आहे आणि तुमचा आवाज वर्गातला आहे," बॉबिन म्हणाला. वहिनी शाळेत गणित शिकवत. त्या हसल्या नाहीत, आणि रुमालही काढला नाही.

दादा, म्हणजे थोरला भाऊ, यातलं काहीच ऐकत नव्हता. तो खिडकीशी उभा राहून घड्याळ बघत होता. पावणेचार. चारला वडिलांची, आप्पांची, गोळी. ती आज जावयानं द्यायची, सगळ्यांच्या देखत, आणि दिली तर चिमटी मोकळी.

ठरलं होतं ते इतकंच. दुसऱ्या गावी यंत्रदुरुस्तीच्या प्रशिक्षण केंद्रात चिमटीला शिकवायची नोकरी मिळत होती आणि उद्या सकाळी दहापर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. आप्पांचा उजवा हात लुळा पडला त्याला सहा वर्षं झाली. ती सहा वर्षं चिमटी दहाला कामावर जायची, लोकांची झेरॉक्स मशीन्स उघडून दुरुस्त करायची आणि पाचला धापा टाकत घरी यायची. दुपारची गोळी ती उशाशी ठेवून जायची, घेतली की नाही ते पाचला आल्यावरच कळायचं. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि आप्पांना काठी घेऊन खाटेपासून कोपऱ्याजवळच्या खुर्चीपर्यंत जाणंही पुष्कळ. शिवाय आपलं घर सोडायचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करत. बॉबिन बस डेपोत रात्री नऊला सुटायचा, तो इथे येऊन झोपायला तयार होता. सकाळी जावयाचे ग्लास आणि गोळ्याही तोच भरून जाणार होता. जेवणाचा डबा खालच्या शिंप्याच्या घरून येणार होता. राहता राहिल्या दिवसाच्या गोळ्या आणि पाणी, त्यासाठी जावई. तो ग्लास पुढे धरणार, आणि दोन मिनिटांत कुणी उचलला नाही तर खाली शिंप्याच्या दुकानात घंटा वाजवणार. शिंप्यानं वर धाव घ्यायची.

पण पहिल्या रविवारी घंटाच वाजली नाही. वायर सुटलेली निघाली. दुसऱ्या रविवारी जावई जागचा हलला नाही. शुक्रवारी रात्रभर चार्जिंगला लावलेली बॅटरी रिकामी होती, कारण पोटातला तपासणीचा दिवा कुणीतरी शनिवारपासून चालू ठेवला होता. पहिल्या वेळी चिमटीनं स्वतःला शिव्या दिल्या. दुसऱ्या वेळी ती एकेकाचे चेहरे बघू लागली.

तिचा संशय वहिनींवर होता. तो तिला स्वतःलाच आवडत नव्हता, पण सुटतही नव्हता. ती गेली की आप्पांचं अडलं-नडलं थोरल्या सुनेच्या गळ्यात पडणार, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं, मग गणिताच्या बाईंना कळलं नसेल? आणि वहिनी शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर आप्पांना बघायला येत. एकट्या. चिमटी घरी नसताना.

"सगळं तपासलंस?" बॉबिननं हळूच विचारलं.

"सकाळी वायर बघितली. बॅटरी बघितली."

"मग आज काही होत नाही." त्यानं मान दादाकडे वळवली आणि आवाज मुद्दाम मोठा केला. "आज सगळे आपापले हात आपल्या मांडीवर ठेवून बसा म्हणजे झालं."

दादा वळला. "मला बोलतोयस?"

"मी सगळ्यांना म्हणालो. चोराच्या मनात चांदणं."

"बॉबिन!" चिमटी म्हणाली.

खाटेवर उशीला टेकून बसलेले आप्पा डोळे मिटून होते. पांघरूण छातीपर्यंत. या वादांत ते कधीच पडत नसत. बोलायला वेळ लागायचा, शब्द आधी शोधावा लागे, मग जिभेवर आणावा लागे, तोवर पोरं पुढच्या भांडणावर गेलेली असत.

चार वाजले. चिमटीनं जावयाच्या तोंडावरचा रुमाल काढून घडी घालून वहिनींच्या हातात दिला आणि बटण दाबलं.

जावई निघाला. कुरकुरत, टेपवरून नाक न उचलता, खुर्चीला वळसा घालून तो खाटेशी आला आणि बरोबर खुणेवर थांबला. बॉबिननं टाळी वाजवली. आता हात वर यायचा. पोटात मोटर फिरल्याचा आवाज आला. छान, गुळगुळीत आवाज. आईच्या मशीनचा. तो ऐकून दादानं क्षणभर खाली मान घातली. पण हात काही हलला नाही. मोटर फिरतेय, हात खालीच. ग्लास तसाच, गोळी तशीच.

चिमटीनं बटण बंद केलं. तिनं गुडघे टेकून डब्याचं झाकण उघडलं, आत हात घातला आणि तो तसाच राहू दिला.

"मोटरीवरचा पट्टा नाही," ती म्हणाली.

"तुटला?"

"नाहीच आहे. काढलाय." तिचा हात बाहेर आला तेव्हा बोटांत जाड दोऱ्यात अडकवलेला कागदाचा तुकडा होता. "आणि चिठ्ठी आहे."

हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. आप्पांच्या मशीन दुरुस्तीच्या दुकानात चाळीस वर्षं एक नियम होता. एका मशीनमधून काही काढलंत, मग तो साधा स्क्रू असो, तर त्या रिकाम्या जागी चिठ्ठी बांधायची. काय काढलं, कुठे गेलं, आणि खाली आपली खूण. वायर नुसती सैल केली तर चिठ्ठी नाही, दिवा चालू ठेवला तर चिठ्ठी नाही, कारण वस्तू जागेवरच असते. पण काढलं की चिठ्ठी. चिमटीनं शाळेत नाव लिहायच्या आधी चिठ्ठी लिहिली होती. दादा दुकान सोडून सरकारी नोकरीत गेला, तरी अजून घरातल्या दिव्याची बॅटरी काढली की झाकणात चिठ्ठी ठेवतो, आणि वहिनी अजून त्यावरून त्याची टिंगल करतात. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

चिमटीनं कागद उलगडला. वाकडी, मोठाली अक्षरं, एक ओळ वर तर एक खाली.

"पट्टा. माझ्याकडे आहे."

"माझ्याकडे म्हणजे कुणाकडे?" बॉबिननं विचारलं.

"सही नाही."

वहिनींनी मोठा श्वास सोडला. गेल्या दोन आठवड्यांत नणंद आपल्याकडे कशी बघते, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. "चला," त्या म्हणाल्या, "निदान मी सुटले. मी तुमच्या दुकानात कधी स्क्रू काढलेला नाही. मी चोरी केली असती तर चिठ्ठी ठेवून हात दाखवून अवलक्षण केलं नसतं. ही अक्कल फक्त या घरात जन्मलेल्यांची."

चिमटी खाली मान घालून म्हणाली, "वहिनी, मी तुमच्यावर..."

"माहीत आहे मला. नंतर बोलू."

म्हणजे उरले दोघे भाऊ. बॉबिन ताडकन उठला. "दादा, तू बुधवारी आला होतास. मी डेपोतून फोन केला तेव्हा इथेच होतास."

"आलो होतो. मग?"

"आणि अक्षर मुद्दाम वाकडं काढलंय. कुणाला कळू नये म्हणून. ताई गेली तर महिन्यातून चार फेऱ्या माराव्या लागतील, त्याची धास्ती!"

दादा पुढे आला. त्यानं चिमटीच्या हातून चिठ्ठी घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला, एका ओळीची चिठ्ठी वाचायला लागतो त्याहून कितीतरी जास्त. दुकानात कामाला असलेला प्रत्येक माणूस चिठ्ठीखाली खूण करायचा. दादाची चौकोन, चिमटीची फुली, बॉबिनची भोपळ्यासारखा वेडावाकडा गोल. खूण न करणारा दुकानात एकच माणूस होता. ज्याचं दुकान, त्यानं कुणाला जाब द्यायचा?

दादानं चिठ्ठी खिशात टाकली.

"मी काढला," तो म्हणाला.

"काय?" वहिनी म्हणाल्या.

"बुधवारी. मीच काढला. वायर मीच सोडवली, दिवाही मीच लावून ठेवला. झालं समाधान?"

चिमटी त्याच्याकडे बघतच राहिली. आपल्याला राग येईल असं तिला वाटलं होतं, आला तो त्याहून कितीतरी जास्त होता. लहानपणी याच माणसानं तिला पहिला पाना धरायला शिकवला होता. "का रे दादा?" ती म्हणाली. "तोंडावर 'जाऊ नकोस' म्हणाला असतास तर मी भांडले असते. पण हे असं? मी आधी स्वतःला मूर्ख समजले, मग एकेकावर संशय घेत बसले."

"चुकलं माझं."

"पट्टा कुठाय?"

दादा गडबडला. "घरी."

"अहो, घरी नाही," वहिनी म्हणाल्या. नवरा खोटं बोलताना कानाची पाळी ओढतो हे त्यांना पंचवीस वर्षं माहीत होतं, आणि आता पाळी लाल झाली होती. त्यांनी हात पुढे केला. "ती चिठ्ठी द्या इकडे."

"कशाला?"

"द्या म्हणते ना."

त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. दरवर्षी पावणेदोनशे पोरांचे पेपर तपासणारी बाई होती ती. "हे अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मुद्दाम वाकडं काढणारा मधेच विसरतो आणि दोन अक्षरं सरळ काढून जातो. हे सगळं सारखं थरथरलंय. शाई पुसली गेलीय, कारण हात लिहिलेल्या अक्षरांवरून पुढे सरकलाय. माझ्या वर्गातल्या डावखुऱ्या पोरांचे कागद असेच काळे होतात." मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "तुम्ही डावखुरे नाही. तुमच्यापैकी कुणीच नाही."

दादा म्हणाला, "जाऊ दे ना. मी म्हटलं ना मी काढला."

खोलीत कुणी खाटेकडे बघितलं नाही. सगळ्यांना कळलं होतं आणि सगळे फरशीकडे बघत होते. बॉबिनला तर दादाच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. सहा वर्षांत आप्पांना कुणी लिहिताना पाहिलं नव्हतं. त्यांनी हातात पेन कधी घेतलं, डाव्या हातानं अक्षरं कुणाच्याही नकळत गिरवली, हे घराला माहीतच नव्हतं.

पांघरूण हललं. आप्पांनी डोळे उघडले होते. डावा हात उशीखाली गेला, बराच वेळ चाचपडला आणि काळा रबरी पट्टा घेऊन बाहेर आला.

"थोरल्या," ते म्हणाले. शब्द यायला वेळ लागला, पण आला तो दुकानातल्यासारखा आला. "माझं काम... तू कशाला... अंगावर घेतोस?"

दादानं मान फिरवली. त्याचे डोळे भरले होते.

चिमटी खाटेच्या कडेला बसली. तिनं पट्टा घेतला नाही. "आप्पा, तुम्ही?"

आप्पांनी होकारार्थी मान हलवली.

"दहा ते पाच तुम्ही रोज एकटेच असता की. सहा वर्षं. मग आता कसली भीती?"

आप्पा शब्द शोधत राहिले. या वेळी कुणी मधे बोललं नाही, कुणी त्यांचं वाक्य पुरं केलं नाही. कदाचित सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"पाचला... तू येतेस," ते म्हणाले. "म्हणून दहा ते पाच... जातं." थांबले. "पाचला कुणी येणारच नाही... असा दिवस... मी बघितला नाही अजून. मला भीती वाटते."

चिमटीला वाटलं, संपलं. उद्या फोन करून नाही म्हणायचं. आणि त्याच क्षणी तिला असा काही संताप आला की तिला स्वतःचंच नवल वाटलं. "मग हे बोलायचं होतंत मला! तोंड होतं ना तुम्हाला?"

"बोललो असतो... तर तू थांबली असतीस."

"आणि पट्टा काढून काय झालं असतं? तेव्हाही थांबलेच असते!"

"तेव्हा मशीननं थांबवलं असतं," आप्पा म्हणाले. "मी नाही."

खाली शिंप्याचं मशीन मधेच थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. वहिनींनी रुमाल डोळ्यांना लावला. ज्या म्हाताऱ्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या चुकीसाठी मशीनला कधी दोष दिला नव्हता, जो गिऱ्हाइकाला तोंडावर 'तुम्ही नीट वापरलं नाही' असं सांगून गिऱ्हाईक घालवायचा, त्यानं आपल्या भित्रेपणाचं पाप एका डब्यावर ढकललं होतं. त्यांना सासऱ्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

"मी नाही जात," चिमटी म्हणाली.

आप्पांनी पट्टा पुढे केला. तिनं हात मागे घेतला, तर त्यांनी तो तिच्या मांडीवर टाकला. "लाव."

"कशाला? आता काय उपयोग?"

"काम अर्धं ठेवायचं नाही. लाव."

चिमटी उठली. पट्टा बसवताना तो दोनदा सटकला, तेव्हा दादा शेजारी येऊन बसला आणि त्यानं पुली धरली. बॉबिननं जावयाला ढकलत कोपऱ्यात नेऊन उभं केलं. पुन्हा बटण. पुन्हा तो टेपवरून नाक न उचलता निघाला, वळसा, खूण. मोटर फिरली आणि या वेळी टेबललॅम्पचा हात हळूहळू वर आला, ग्लासातलं पाणी न सांडता आप्पांच्या छातीपाशी थांबला. बाजूच्या झाकणात गोळी.

कुणी टाळी वाजवली नाही. जावई वाट बघत होता. त्याच्या अंगावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला, म्हणजे दोन मिनिटं मोजायला सुरुवात झाली.

आप्पांनी ग्लास घेतला नाही.

ते ग्लासाकडे बघत होते. चिमटी त्यांच्याकडे. त्यांनी हात हलवला नाही तर खाली घंटा वाजणार, शिंपी धावत वर येणार, आणि आजच्या परीक्षेचा निकाल लागणार. या वेळी मशीनमध्ये कसलीच खोट नव्हती. निर्णय पूर्णपणे त्यांचा होता, आणि तो ते सगळ्यांच्या देखत घेत होते.

एक मिनिट झालं. बॉबिनचा हात नकळत पुढे गेला, दादानं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे," चिमटी म्हणाली. "त्यांना ठरवू दे."

आप्पांचा श्वास मोठा झाला होता. लाल दिवा आता भरभर लुकलुकत होता. मग त्यांचा डावा हात पांघरुणावरून उठला, पुढे गेला आणि ग्लासाभोवती आवळला. थोडं पाणी सांडलं. त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायलं, सगळं, शेवटच्या घोटापर्यंत, आणि रिकामा ग्लास परत ठेवला. जावयानं हात खाली घेतला आणि कुरकुरत आपल्या कोपऱ्याकडे निघून गेला.

"आता जा तू," आप्पा म्हणाले, आणि या वाक्यासाठी त्यांना एकही शब्द शोधावा लागला नाही.

चिमटीला हवं होतं तेच झालं होतं. ती खाटेच्या कडेला बसली, आप्पांच्या ओल्या पांघरुणात तोंड खुपसलं आणि सहा वर्षांत रडली नव्हती तशी रडली.